सोळा किलोमीटरचं वर्तुळ, अर्धं पाण्यात

रविवार

कोकणकन्येने दादरला उतरवलं तेव्हा पाच वाजत होते. विरारपर्यंत उभ्याने, तिथून डहाणू लोकल. वैतरणेच्या पुलावर गार वारा आत शिरला आणि झोप उडाली. सफाळ्यानंतर ताडाची झाडं दिसायला लागली. आमच्याकडे माड, इथे ताड. कोकण तेच, पण उत्तरेला येईपर्यंत भाजीपासून बोलीपर्यंत सगळं थोडं थोडं बदलत जातं.

मी रत्नागिरी जिल्ह्यात महसूल खात्यात नायब तहसीलदार. गेली सहा वर्षं आपत्ती व्यवस्थापन बघतो, म्हणजे पावसाळ्यात दरडी, पूर आणि वादळं, उरलेल्या महिन्यांत त्यांचे अहवाल. निसर्ग आणि तौक्ते दोन्ही वेळा नियंत्रण कक्षातल्या खुर्चीवर रात्री काढल्यात. पण अणुऊर्जा प्रकल्पाच्या आणीबाणीची रंगीत तालीम कधी बघितली नव्हती. तारापूरला ती होणार, बाहेरच्या जिल्ह्यांतले निरीक्षक हवेत, असं पत्र आलं. साहेब म्हणाले, "तूच जा. उद्या माडबनला काही उभं राहिलं तर आपल्यातल्या एकाने तरी आधी पाहिलेलं असू दे." राजापूर तालुक्यातल्या माडबनला, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागी, प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या गेली कित्येक वर्षं कागदावर आहेत. माझं आजोळ तिथून फार लांब नाही, हेही साहेबांना ठाऊक होतं.

बोईसर स्टेशनाबाहेर पडलं की आधी एमआयडीसीचा वास येतो. रिक्षावाल्याला कशासाठी आलो ते सांगितलं. तो हसला. "ॲटॉमिकची नाय भीती वाटत साहेब. हे वासाचं कायतरी बघा आधी." चार दिवसांत हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडांतून पाच-सहा वेळा ऐकलं.

संध्याकाळी लॉजच्या पलंगावर नकाशा पसरला. प्रकल्प मध्यभागी धरून १६ किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ, त्याला आणीबाणी नियोजन क्षेत्र म्हणतात. भाकरीचे तुकडे करावेत तसे त्याचे १६ विभाग, प्रत्येक साडेबावीस अंशांचा. जमिनीवरच्या तुकड्यांत बारीक अक्षरांत गावं, पाडे, शाळा, लोकसंख्या. चिंचणी आत, बोईसर आत, सातपाटी आत. पालघर जरा बाहेर. पश्चिमेकडे मात्र नुसता निळा रंग. जवळजवळ अर्धं वर्तुळ अरबी समुद्रात, आणि माझ्या प्रतीत त्या अर्ध्यावर एक अक्षर छापलेलं नव्हतं.

सोमवार

आमची तुकडी तिघांची. आरोग्य खात्यातल्या डॉक्टर मॅडम, अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी (यांना सगळेच अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणतो) आणि मी. फाटकावर मोबाइल जमा, ओळखपत्रांची दोनदा तपासणी, मग छातीला लावायचा, अंगाला मिळालेल्या किरणांचा डोस मोजायचा बिल्ला.

आतलं बहुतेक चोख होतं, म्हणून त्याबद्दल लिहिण्यासारखं थोडंच आहे. पहिली दोन युनिटं २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यावसायिक वीज देऊ लागली. ती उकळत्या पाण्याच्या जातीची, अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकची. तिसरं आणि चौथं प्रत्येकी ५४० मेगावॉटचं, जड पाण्यावर चालणारं, आपल्या इंजिनिअरांनी बांधलेलं; गंमत म्हणजे चौथं आधी, २००५ ला सुरू झालं आणि तिसरं २००६ ला. ही चार युनिटं इतकी शेजारी आहेत की एकाच फेरीत दोन पिढ्या बघून होतात.

अण्णांना रस पंपांत आणि डिझेल जनरेटरांत. अणुभट्टी बंद केली तरी आतलं इंधन तापतच राहतं, त्यामुळे पाणी फिरवत राहावं लागतं आणि त्यासाठी वीज लागते. ११ मार्च २०११ ला फुकुशिमात भूकंपाने बाहेरची वीज गेली आणि मग त्सुनामीच्या पाण्याने जनरेटर बुडवले. तेव्हापासून आपल्याकडेही अग्निशमनाच्या गाडीची नळी थेट जोडून पाणी आत सोडता यावं अशा जोडण्या केल्या गेल्या. अण्णा त्या जोडणीपाशी उकिडवे बसले, झाकण फिरवून बघितलं, आटे हाताने चाचपले, मग म्हणाले, "नरोरा."

जेवताना त्यांनी ते सांगितलं. ३१ मार्च १९९३, उत्तर प्रदेशातलं नरोरा. टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि केंद्रात सुमारे सतरा तास वीज नव्हती. माणसं बॅटऱ्या घेऊन अणुभट्टीच्या इमारतीवर अंधारात चढली आणि झडपा हाताने उघडून, अणुभट्टी पुन्हा सुरू होऊ नये म्हणून, बोरॉनचं द्रावण सोडलं. पाणी मिळालं ते आग विझवायच्या डिझेल पंपांनी. "सगळी अक्कल एकीकडे," अण्णा म्हणाले, "आणि आमचा बंबाचा पंप एकीकडे." निवृत्त माणसाचा अभिमान, पण खोटा नाही.

आणीबाणीच्या तीन पायऱ्या असतात. पहिली संयंत्रापुरती, दुसरी आवारापुरती, तिसरी आवाराबाहेरची. पहिलीचा सराव दर तिमाहीला, दुसरीचा दरवर्षी, तिसरीचा दोन वर्षांतून एकदा. तिसरी लागली की सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात, म्हणजे शेवटी आमच्याच खात्याकडे. शास्त्रज्ञाने सांगायचं आणि तलाठ्याने धावायचं.

दुपारी हेल्थ फिजिक्स, म्हणजे किरणांपासूनची सुरक्षा बघणाऱ्या विभागातल्या एका तरुणाने वाऱ्याचं यंत्र दाखवलं. कुठल्या तुकड्यातल्या लोकांना हलवायचं ते वाऱ्यावर ठरतं. मी शाळेत शिकलेलं विचारलं. दिवसा खारे वारे, समुद्राकडून जमिनीवर. रात्री मतलई, जमिनीकडून समुद्रावर. मग रात्री काय?

"रात्री बरंच आहे सर," तो म्हणाला. "सगळं समुद्रावर जातं. लोकवस्तीला धोका कमी."

उत्तर चुकीचं नव्हतं. मी वहीत एकच शब्द लिहून त्याखाली रेघ ओढली: लोकवस्ती.

निघताना बिल्ल्याची नोंद झाली. मॅडम म्हणाल्या की रत्नागिरीच्या जांभ्या दगडावर तू वर्षभर बसतोस, त्यातून मिळणाऱ्या किरणांपुढे आजचं काहीच नाही. त्या असं बोलतात.

मंगळवार

तालीम. सकाळी नऊ दहाला पहिला निरोप. प्रत्येक निरोपाची सुरुवात आणि शेवट "हा सराव आहे" याने. तसं नाही केलं तर व्हॉट्सॲपवर अर्ध्या तासात तालुका रिकामा होईल. पावणेअकराला कागदोपत्री बाह्य आणीबाणी लागली. वारा पश्चिमेचा धरला होता, म्हणजे पूर्वेकडचे तुकडे धोक्यात. आम्ही त्यांतल्या एका पाड्यावर आधीच जाऊन बसलो होतो. पाड्याचं नाव इथे घालत नाही.

भोंगा वाजला. ऐकू आला म्हणायचं, कारण आम्ही कान लावून बसलो होतो. हातपंपावरच्या दोघी बायकांनी मान वर केली, एक म्हणाली, "कंपनीची पाळी आज लवकर सुटली," आणि हंडा भरत राहिली. तिचं काय चुकलं? या पट्ट्यात दिवसभरात इतके भोंगे होतात की आणखी एकाला कोण विचारतो.

मग मोटारसायकलवरून पोलीस पाटील आले, गळ्यात बॅटरीचा कर्णा. हातातला कागद त्यांनी वाचायला घेतला: "किरणोत्सर्गी प्रादुर्भावाच्या अनुषंगाने सर्व संबंधित नागरिकांना सूचित करण्यात येते की..." इथे त्यांनी कागद खिशात घातला आणि कर्णा तोंडाला लावला. "घरात जा. दारं-खिडक्या लावा. पाण्यावर झाकण ठेवा. गुरं आत घ्या. पुढचं सांगेपर्यंत बाहेर यायचं नाही." दोन मिनिटांत अंगण रिकामं. तो कागद मी त्यांच्याकडून मागून घेतला. आमच्या शाखेत असले कागद मीच लिहितो.

आम्हीही एका घरात शिरलो. कारवीच्या काड्यांचा कूड, शेणामातीने लिंपलेला, वर कौलं. दार लावलं. अण्णांनी खिशातून उदबत्ती काढली, पेटवली आणि जमिनीजवळ धरली. धूर सरळ दोन हात वर गेला, मग हलकेच वळला, कुडाच्या वरच्या कडेला जिथे भिंत आणि छप्पर यांत चार बोटांची फट होती तिथवर गेला आणि बाहेर निघून गेला. जणू त्याला वाट ठाऊक होती. घराची मालकीण बघत होती. "चुलीचा धूर पण तिथूनच जातो," ती म्हणाली, "म्हणून तर ठेवलंय."

पक्क्या भिंतींच्या घरात दारं लावून बसलं तर बाहेरून येणाऱ्या डोसातला मोठा भाग टळतो, हे बरोबरच आहे. फक्त ज्याने 'घरात थांबा' हे लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर असलं घर नसणार. अशा पाड्यांना थेट हलवायला हवं, हा मुद्दा आमच्या अहवालात पहिला आहे.

त्यानंतर गाड्या. दोन एसटी आल्या, वेळेत. मी दाराशी उभा राहून माणसं मोजली: अठ्ठावन्न. शाळेतल्या निवाऱ्यावर उतरताना पुन्हा मोजली: एकसष्ट. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कडेवरची तीन बाळं मोजलीच नव्हती. सहा वर्षं या शाखेत आहे मी.

एक म्हातारा अंथरुणाला खिळलेला होता, त्याला सरावात हलवायचं नव्हतं, ते ठीकच. पण मॅडम त्याच्याजवळ बराच वेळ बसल्या. परत येताना म्हणाल्या, फुकुशिमाजवळच्या एका रुग्णालयातून घाईने हलवताना आणि नंतर चाळीसहून अधिक रुग्ण गेले. किरणांनी नाही, बसमधल्या तासांनी, थंडीने, सलाइन नसल्याने. यादीत अशा माणसापुढे 'हलवणे' लिहायचं की 'इथेच सांभाळणे', हे आधी ठरलेलं असावं लागतं.

निवाऱ्यावर चपला काढून एकेकाच्या तळव्यांवरून आणि हातांवरून मीटर फिरवत होते. टिक, टिक, टिक. एका आजीने विचारलं, "सोनं शोधताय काय?" सगळी रांग हसली, मीटरवालाही.

तिसरा मुद्दा गोळ्यांचा. अपघातात बाहेर पडणाऱ्या द्रव्यांत किरणोत्सर्गी आयोडीन असतं, ते थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. वेळेत साध्या आयोडीनची गोळी घेतली तर ग्रंथी आधीच भरलेली असते, नवं आयोडीन घेत नाही. एवढंच तिचं काम. बाकी शरीराला ती काही कवच नाही, आणि आठवडाभर आधी घेऊन उपयोग नाही. आम्ही एका उपकेंद्रात गेलो. कपाट होतं, कुलूप होतं, किल्ली सिस्टरबाईंकडे होती आणि सिस्टरबाई प्रशिक्षणाला गेल्या होत्या. तेवीस मिनिटांनी किल्ली आली. आत गोळ्या नीट, मुदतीतल्या, नोंदवहीशी जुळणाऱ्या. मॅडमनी वही मिटली आणि दारात उभ्या असलेल्या आशाताईंना विचारलं, "मोठ्याला एक. दीड वर्षाच्या पोराला?"

"चतकोर. दुधात विरघळून."

"आठ दिवसांच्या बाळाला?"

"त्याच्या निम्मं. आणि लगेच डॉक्टरला कळवायचं."

मॅडम खूश झाल्या की त्यांचा चेहरा उलट कडक होतो. एवढं ज्या बाईला पाठ आहे तिच्याकडे किल्ली नाही, असं त्यांनी शेऱ्यात लिहिलं. शब्द न शब्द तसाच.

बुधवार

आज वेळापत्रकात 'क्षेत्रभेट' एवढंच होतं. मी दक्षिणेचा किनारा मागून घेतला: नवापूर, उच्छेळी, दांडी, पुढे मुरबे. मुरब्याच्या टोकाला उभं राहिलं की समोर सातपाटी दिसते, हाक मारली तर पोचेल असं वाटतं; पण मध्ये खाडी, आणि रस्त्याने जायचं तर सगळा वळसा. नकाशावर किलोमीटर मोजणाऱ्याने इथे एकदा उभं राहावं.

किनाऱ्यावर डिसेंबरचं ऊन आणि बोंबील. बांबूच्या वलांड्यांवर रांगाच्या रांगा, एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड अडकवून जोडीने टांगलेले, वाऱ्यावर हलणारे, ओले असताना काचेसारखे आणि वाळले की कागदासारखे. मॅडमनी कालच्या सूचनांतलं वाक्य मोठ्याने म्हटलं: "उघड्यावरील अन्न झाकून ठेवावे." आम्ही तिघांनी त्या वलांड्यांकडे बघितलं. किनाऱ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गावाची वर्षाची बेगमी उघड्यावर होती. मासे सोडवणारी आजी आपल्या मांगेली बोलीत काही बोलली, नातवाने सांगितलं, "फोटो काढायचा तर काढा म्हणते, पण सावली पाडू नका."

एक तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होडीच्या सावलीत डोलीचं जाळं सांधत बसला होता. पन्नाशीचा, हातात सुई आणि बोलण्याची घाई नाही. कधी निघता, असं विचारलं.

"पाण्यावर आहे. या आठवड्यात उधाण, पहाटे तीनला निघतो. भांगाला घरी." उधाणाला भरती-ओहोटी मोठी, भांगाला लहान.

"तेव्हा वारा कुठला असतो?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं जसं मी सूर्य कुठे उगवतो ते विचारलंय. "जमिनीकडचा. तोच तर बाहेर घेऊन जातो."

म्हणजे तो तरुण जे म्हणाला होता तेच. रात्री सगळं समुद्रावर जातं. आणि समुद्रावर हा असतो.

मी वर्तुळाचं, भोंग्याचं, विभागांचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. वादळाचं कसं कळतं, मी विचारलं. सोसायटीतून फोन येतो, बंदरावर बावटा लागतो, मोठ्या बोटींवर वायरलेस असतो, कोस्ट गार्डवाले फिरून सांगतात. तौक्तेच्या वेळी असंच कळलं, सगळ्या होड्या आत आल्या. त्याच्या छोट्या होडीवर वायरलेस नव्हता; मोबाइल, तोही रेंज आहे तोवर.

"वादळाचा बावटा कळतो आपल्याला," तो म्हणाला. "याचा बावटा कुठला?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने सुई पुन्हा जाळ्यात घातली, दोन गाठी मारल्या आणि मग जे विचारलं ते मला या सहा वर्षांत सुचलं नव्हतं.

"आणि कळलं तरी यायचं कुठं? वादळात घरी यायचं. यात घर त्याच्याच शेजारी. मग आत यायचं की बाहेर पळायचं?"

अण्णा बघत राहिले. आमच्या सगळ्या शिकवणीत समुद्रावरच्या माणसाला एकच वाक्य शिकवलंय: ताबडतोब किनाऱ्याला या. इथे ते वाक्य त्याला वाऱ्याच्या तोंडाशी आणून उभं करू शकतं. उत्तरेला डहाणूऐवजी दक्षिणेला वसईकडे जा, की थेट पश्चिमेला न जाता वाऱ्याला आडवं निघ, हे वाऱ्याप्रमाणे दर वेळी वेगळं असणार आणि त्याला ते कुणीतरी वेळेवर सांगायला हवं. त्यासाठी आधी तो कुठे आहे हे कुणाला तरी माहीत हवं.

चहा आला. निघताना मी त्याला एक काम सांगितलं. उद्या पहाटे बाहेर जाताना मोबाइलवर शेवटची काडी उरली की मला मिस कॉल द्यायचा.

"झोपेत असाल तुम्ही."

"मिस कॉलच द्यायचाय."

परतीच्या वाटेवर रिक्षात मॅडमनी चिकू सोलून दिले, डहाणूकडचे, साखरेसारखे. कुणी फार बोललं नाही.

गुरुवार

सहाला उठलो, मोबाइल बघितला. मिस कॉल, तीन अठ्ठेचाळीसचा. तो तीनला निघणार होता. त्याची होडी ताशी दहा किलोमीटर धरली तर शेवटची काडी आठेक किलोमीटरवर गेली. एका पहाटेचं, एका कंपनीच्या सिमचं हे मोजमाप, याला काही शास्त्र म्हणता येणार नाही. तरी वर्तुळ सोळाचं आहे, आणि डोलीची जाळी त्याच्याही पुढे असतात.

दहाला आढावा बैठक. प्रत्येक तुकडीला पाच मिनिटं. मॅडमनी किल्ली आणि चतकोर गोळी, अण्णांनी उदबत्ती. अण्णांनी खरंच उदबत्ती बाहेर काढली, पण पेटवू दिली नाही. मला उरली दोन मिनिटं. मी निळे विभाग सांगितले, मतलई सांगितली, बावटा आणि 'आत की बाहेर' सांगितलं, आणि दोन शिफारशी: मच्छीमार सोसायट्यांकडच्या होड्यांच्या याद्या विभागवार पत्रकाला जोडाव्यात, आणि पुढची तालीम पहाटे चारला सुरू करावी.

पहिली लगेच मान्य झाली. दुसरीला कुणीतरी म्हणालं, "पहाटे चारला माणसं कुठून आणायची?" थोडं हसू. मी म्हटलं, किनाऱ्यावर जागीच असतात. त्यावरही हसले, पण अध्यक्षांनी लिहून घेतलं. इतिवृत्त लिहिणाऱ्या मुलाने बैठक संपल्यावर मला गाठलं. "सर, ते 'मिस कॉल' तसंच लिहू की 'दूरध्वनी संपर्क'?"

"तसंच लिही."

संध्याकाळच्या गाडीत पालघर गेल्यावर फोन वाजला. मागे इंजिनाचा नाही, माणसांचा गलका. लिलाव चालू असावा.

"लागला होता का?"

"लागला. तीन अठ्ठेचाळीस."

"मग, बावट्याचं काय झालं?"

"मांडलंय आज. यादीचं होईल. बावट्याचं वेळ लागेल."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "अष्टमीला भांग आहे. घरी असतो. यायचं तर तेव्हा या, ते कागद घेऊन."